वायर तुटली की तोडली?

सकाळी साडेनऊ

मंडई स्टेशनला मेट्रोतून वर आलं की बुधवार पेठेपर्यंत थोडंच चालायचं असतं. तपकीर गल्लीतली निम्मी शटरं अजून खाली असतात, हातगाडीवरून टीव्हीची खोकी उतरत असतात आणि आमच्या जिन्यावर दोन-तीन माणसं आधीच येऊन उभी असतात. पाटीवर दहाची वेळ लिहिली आहे. पुण्यातलं गिऱ्हाईक पावणेदहाला येतं आणि दहा वाजून दोन मिनिटांनी आपल्या मनगटावरचं घड्याळ दाखवतं.

आमचं सर्व्हिस सेंटर म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेर काउंटर, टोकनचं मशीन, सहा खुर्च्या. आत वस्तू तपासणाऱ्या आमच्या काकांचं टेबल. तीन-चार कंपन्यांचा माल आम्ही घेतो: वायरचे इयरफोन, नेकबँड, इयरबड, कानावर बसणारे मोठे हेडफोन. यातली एकही कंपनी आमची नाही. त्यांच्या वतीने आम्ही वस्तू घेतो, तपासतो, जॉबशीट करतो आणि दर जॉबमागे ठरलेले पैसे मिळवतो. वॉरंटीत न बसणारी वस्तू वॉरंटीत घातली असं कंपनीला वाटलं, तर ते पैसे पुढच्या हिशेबात कापून जातात. समोरची मुलगी एवढी अडून का बसते, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं. अडण्याचे पैसे मला मिळत नाहीत. न अडण्याचे मात्र कापले जातात.

आणखी एक गैरसमज. लोकांना वाटतं की आत काका दिवसभर दुरुस्त्या करतात. वॉरंटीतला इयरबड कुणी दुरुस्त करत नाही. तो गोंदाने बंद केलेला असतो, उघडला की तुटतो. डावा गेला तर डावा बदलायचा, केस गेली तर केस. त्यामुळे आमच्याकडे प्रश्न एकच उरतो: बदलून द्यायचा की नाही द्यायचा.

सव्वादहा

"एका कानात येत नाही."

दिवसाची पहिली तक्रार बहुधा हीच असते, आणि यातल्या बऱ्याच काउंटरवरच मिटतात. मी आधी फोन मागून घेते. सेटिंगमध्ये, ॲक्सेसिबिलिटीच्या पानावर, आवाजाची डावी-उजवी पट्टी असते. घरातल्या लहान मुलाच्या हातात फोन गेला की ती कधीतरी एका टोकाला जाऊन बसते. मधोमध आणली की हेडफोन बरा. गिऱ्हाईक खूश होण्याऐवजी ओशाळतं, कारण ते बिल, खोकं, चार्जिंगची वायर सगळं पिशवीत भरून कोथरूडहून आलेलं असतं. "इथे आणला की चालतो, घरी चालत नाही" म्हणणारेही तसेच. घरी तो हेडफोन ब्लूटूथ चालू होताच यजमानांच्या लॅपटॉपला जाऊन चिकटत असतो. इथे लॅपटॉप नाही, म्हणून चालतो.

आज पहिल्या आल्या त्या बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई. डावा बड फार हळू. काकांनी भिंगाखाली धरला आणि माझ्याकडे बघितलं. "आत मळ आहे" हे चारचौघांत कसं म्हणायचं ते कुठल्याही ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. मी "जाळी चोंदलीय" म्हणते. जाळी कुणाचीही चोंदू शकते.

साफ करायची रीत साधी आहे. रबरी टोपी काढायची, जाळी खाली येईल असा बड धरायचा, मऊ कोरडा ब्रश फिरवायचा, मग चिकट पुट्टीचा गोळा जाळीवर हलकेच दाबून उचलायचा. दोन-तीनदा केलं की आवाज परत येतो. टाचणी घालायची नाही. जाळीमागे ड्रायव्हरचा नाजूक पडदा असतो, तो फाटला की बड खरंच गेला. पाणी किंवा स्पिरिट सोडायचं नाही. मळ विरघळतो आणि आत उतरतो. जाता जाता चार्जिंगचे सोनेरी ठिपकेही पुसायचे. रात्रभर केसमध्ये ठेवूनही एकच बड चार्ज होत नाही, त्याचं कारण बरेचदा तिथे वाळलेला घाम असतो.

बाईंनी हळूच विचारलं, "घरी करता येईल ना हे?" येईल म्हटलं. त्यांना परत जिना चढायचा नव्हता, हे दिसतच होतं.

अकराच्या सुमारास

"मॅडम, माझ्या हेडफोनमधला गायक नाहीसा झालाय."

पासष्टी-सत्तरीचे आजोबा, खांद्याला शबनम. काका आतून उठून बाहेरच आले. अशी तक्रार आली की त्यांना राहवत नाही.

"पेटी, तबला, व्हायोलिन?" काकांनी विचारलं.

"ते सगळं येतं. गाणारा मात्र लांब कुठल्यातरी विहिरीत."

"आणि जुनी नाट्यपदं?"

"त्यात तर काहीच येत नाही! तोच तर प्रश्न आहे."

काकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. उत्तर त्यांना हेडफोन हातात घेण्याआधीच मिळालं होतं. साडेतीन मिलिमीटरच्या जॅकवर काळ्या रेघांनी वेगळे केलेले पट्टे असतात. टोक डाव्या कानाचं, त्याखालचा पट्टा उजव्या कानाचा, आणि दोन्ही कानांचा परतीचा रस्ता एकच, ग्राउंड. तो मध्येच सुटला तर दोन्ही स्पीकर एकापुढे एक जोडल्यासारखे होतात आणि त्यांना मिळतो तो फक्त डाव्या-उजव्या आवाजातला फरक. गायकाचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये सहसा दोन्ही बाजूंना सारखाच ठेवलेला असतो, म्हणून तो वजा होतो. इकडे-तिकडे मांडलेली वाद्यं शिल्लक राहतात. जुनं ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे दोन्ही बाजू तंतोतंत एकच. तिथे फरकच नाही, मग ऐकू काय येणार?

काकांनी आजोबांचा फोन घेतला, जॅकच्या भोकात टॉर्च मारला आणि लाकडी दातकोरणीने आत दडपून बसलेला खिशातल्या धुळीचा बोळा उकरून काढला. त्या बोळ्यामुळे जॅक पूर्ण आत जात नव्हता. आता टक् करून बसला. आजोबांनी हेडफोन कानाला लावला, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "आले पंडितजी."

पैसे किती, असं त्यांनी विचारलं. धुळीचा दर आमच्या तक्त्यात नाही. जॉबशीट झाली नाही म्हणून कंपनीकडूनही काही नाही. काकांनी यात पंधरा मिनिटं घालवली. आमच्या शेठनी ते बघितलं आणि काही बोलले नाहीत, हेच खूप.

साडेअकरा

नवी पेठेतल्या अभ्यासिकेत बसणारा मुलगा, स्पर्धा परीक्षेचा. निळा नेकबँड, उजवा कान बंद. त्याने आल्या आल्या कबुलीजबाब दिल्यासारखं सांगितलं की बिल भावाच्या नावावर आहे, पत्ता लातूर जिल्ह्यातला आहे, आणि ऑनलाइन ऑर्डरही भावानेच केली होती. "चालेल का, मॅडम?"

चालतं. बिलावर नाव कुणाचं हे आम्ही फारसं बघत नाही. तारीख, मॉडेल, विकणारा कोण, आणि वस्तूवरचा सीरियल नंबर खरा आहे का, एवढंच बघतो. कायद्याचंही तेच म्हणणं आहे: विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरतो तोही ग्राहकच. बिलाला आठ महिने झाले होते. वॉरंटी वर्षाची. इथपर्यंत सगळं सरळ.

काकांनी नेकबँड चालू केला, गाणं लावलं आणि उजव्या बडपासून वायर बोटभर, बोटभर चाचपत वर आले. काहीच झालं नाही. मग वायर जिथे मानेवरच्या जाड पट्ट्यात शिरते, त्या रबरी बाहीच्या तोंडाशी त्यांनी अंगठ्याने दाबलं. आवाज आला. अंगठा काढला, गेला. दाबला, आला. वायर बाहेरून अखंड होती. आतले केसाएवढे तांब्याचे धागे तुटत तुटत शेवटच्या एक-दोनवर आले होते.

जॉबशीटमध्ये दोन खाने असतात. एक 'फंक्शनल', दुसरा 'फिजिकल डॅमेज'. पहिल्यात खूण केली तर वस्तू बदलून मिळते, दुसऱ्यात केली तर परत घरी. आवरण फाटलेलं, पिन वाकलेली, दारात चेंगरलेलं, कुत्र्याने चावलेलं असेल तर वाद नाही. पण आवरण धड आहे आणि आतली वायर गेली, हे कुठल्या खान्यात टाकायचं? आम्हाला दिलेल्या सूचनांत 'वायर तुटणे' दुसऱ्या खान्याखाली येतं. काउंटरवरची खरी भांडणं इथे होतात. पाणी, बिल, मुदत वगैरे सगळं नंतर. वायर तुटली की तोडली, यावर सगळं अडतं.

माझं म्हणणं सांगते, ते कंपनीला विचारून सांगत नाही. वायर तुटते ती कडक भाग आणि मऊ भाग जिथे भेटतात तिथेच. जॅकच्या मुळाशी, बडच्या मुळाशी, नाहीतर पट्ट्याच्या तोंडाशी. रबरी बाही असते ती त्यासाठीच, की वाक एका बिंदूवर न येता थोड्या लांबीत पसरावा. बाही आखूड केली, किंवा रबर कडक वापरलं, की धागे लवकर थकतात. वस्तू गळ्यात घालायची आहे, तर मान वळणारच. महिनोन् महिने एकाच मॉडेलची वायर त्याच जागी तुटून येत असेल, तर तो वापरणाऱ्यांचा निष्काळजीपणा कसा? वाकण्यासाठी बनवलेली जागा वाकल्यामुळे गेली, याला मी तोडणं म्हणत नाही.

पण मी मत लिहू शकत नाही, निरीक्षण लिहू शकते. म्हणून लिहिलं: "आवरण अखंड. काप, चावा, पीळ कुठेही नाही. उजवा आवाज अधूनमधून बंद. बाहीच्या तोंडाशी दाबल्यास येतो." चार फोटो जोडले आणि खूण पहिल्या खान्यात केली. मग जॉबशीट मुलासमोर ठेवली. सही करण्याआधी वाचा, असं मी सगळ्यांना सांगते. बहुतेक जण "हो हो" म्हणत सही करतात. या मुलाला कलमं वाचायची सवय. त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. 'बाह्य स्थिती: ओरखडे.'

"हे कुठेयत?"

कुठेच नव्हते. तो शब्द सिस्टिम आपणहून भरते. पुढे वाद झाला तर कंपनीला तोच कामी येतो. मी तो खोडला, 'ओरखडे नाहीत' असं टाकलं, आणि त्याने सही केली. वॉरंटीच्या बाबतीत गिऱ्हाईकाला करण्यासारखं सगळ्यात मोठं काम हेच आहे, आणि ते अर्ध्या मिनिटात होतं.

"बाहेर डाग देऊन घेऊ का? गल्लीत खाली एक जण शंभरात देतो म्हणाला."

खालचा माणूस काम चांगलं करतो, हे मला माहीत आहे. पण एकदा वायर कापली की वॉरंटी संपली, तेही खरं. थांब म्हटलं. मंजुरी आमच्या हातात नाही, फोटो बघून वरून येते. तोवर लेक्चर ऐकायला साधा वायरचा इयरफोन घे, गल्लीत स्वस्तात मिळतो. बदली वापरायला काही देण्याची सोय आमच्याकडे नाही. असायला हवी.

दीड

डबे. काकांचा आधी संपतो, मग ते नातीचा हेडफोन काढतात. मुदत कधीच संपलेली, त्यामुळे हात मोकळा. जॅकपासून दोन बोटं वर वायर कापली, आवरण सोललं. आत लाल, हिरवे आणि नुसते तांबूस धागे. त्यांच्यावर लाखेचा थर असतो; त्यावर डाग बसत नाही, कथील घरंगळून जातं. नवशिके इथेच हरतात. काका तापलेल्या सोल्डरिंगच्या टोकावर कथलाचा टपोरा थेंब घेतात आणि धागे त्यात बुडवून धरतात. लाख जळते, धुराची रेघ निघते, धाग्याचं टोक चांदीसारखं चकाकतं. मग नव्या जॅकला एकेक टाका, मल्टिमीटरची 'टीं', आणि शेवटी वर चढवायची नळी. ती डाग देण्याआधीच वायरीत ओवावी लागते. आज ओवली नव्हती. काकांनी एक शिवी हासडली आणि तिन्ही टाके परत सोडवले.

अडीच

कुरिअरवाला येतो तेव्हा दुपारचं टोकन थांबतं. मंजूर न झालेल्या वस्तू परत, बदली आलेल्या आत, वादातल्या वरच्या ऑफिसला. जुलै महिना आहे. वादातल्या बऱ्याच पाण्याच्या.

खोक्यावर 'आयपीएक्स ४' छापलेलं असतं. त्याचा अर्थ कुठल्याही बाजूने उडालेले शिंतोडे चालतील. 'आयपीएक्स ७' म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. हे तपासलेलं असतं ते नव्या वस्तूवर आणि साध्या पाण्यात. घाम खारट असतो, वरचं रबर वापरून सैल होतं, आणि केसला तर बरेचदा तो दर्जाच नसतो. ओला बड केसमध्ये ठेवला की पाणी पिनांवर बसतं आणि तिथे हिरवट थर धरतो. हे झालं शास्त्र. पण त्याच खोक्यातल्या वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरात असतं की पाण्याने झालेलं नुकसान धरलेलं नाही. बाहेर पावसात धावणाऱ्या माणसाचं चित्र, आत हा कागद. मी रोज दोन्हीची बाजू मांडते, आणि रोज मला वाटतं की चित्र काढणाऱ्याला एक दिवस या काउंटरवर बसवावं.

आज एक केस फुगलेली निघाली. बॅटरी फुगून झाकण वर आलेलं. ती कुरिअरवाला घेत नाही, आणि बरोबर करतो. लिथियमची बॅटरी फुगली की चार्जिंग नाही, दाबणं नाही, उघडणं नाही. ती वाळूच्या बादलीत गेली, गिऱ्हाईकाला फोटो गेला. घरात अशी एखादी असेल तर कचऱ्याच्या डब्यात टाकू नका; ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, आमच्याकडे आणलीत तरी चालेल.

चार

प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सगळे कागद लावून आलेले एक गृहस्थ. वॉरंटी कार्ड, खोक्यावरचा बारकोड कापून, दुकानदाराचं व्हिजिटिंग कार्ड. आणि बिल म्हणून एक कोरा पांढरा कागद. दुकानाच्या छोट्या मशीनमधून येणारं बिल उष्णतेने उमटतं आणि तसंच उडतं. प्लॅस्टिकच्या पाकिटात तर आणखी लवकर. विकत घेतल्या दिवशीच फोटो काढून ठेवावा, एवढाच त्यावर इलाज. त्यांना मी सांगितलं, दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये तुमच्या मोबाइल नंबरवर बिल असेल, परत छापून मागा.

"त्याने मला तुमच्याकडे पाठवलं. तुम्ही त्याच्याकडे पाठवताय. मी मधल्या रस्त्यावर राहायला जाऊ का?"

यावर माझ्याकडे उत्तर नसतं. कायद्याकडे मात्र आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत न घेणं हीसुद्धा. १९१५ या नंबरवर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करता येते. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे: वस्तू पाच लाखांपर्यंतची असेल तर फी नाही, तक्रार आपण राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडे करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. दोन हजारांच्या नेकबँडसाठी कुणी तिथवर जात नाही असं म्हणाल, तर तुम्ही पुण्यात काउंटर सांभाळलेला नाही. ग्राहक पंचायत बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली याच शहरात सुरू केली. इथली माणसं तुम्ही म्हणता त्याच तारखेला हजर राहतात, आणि फोल्डर घेऊन येतात.

माझा अनुभव असा की ओरडणाऱ्याचं काम लवकर होतं हे खोटं आहे. शांतपणे "नाही म्हणताय ना, मग तेवढं कारणासकट लेखी द्या" म्हणणाऱ्याचं होतं. लेखी नकार द्यायची वेळ आली की वरचं ऑफिस फोटो परत एकदा बघतं.

गृहस्थांनी 'लेखी द्या' म्हटलं. 'बिल वाचता येत नाही, नवी प्रत आणल्यास जॉब घेऊ' असं मी शिक्क्यासह दिलं. तो कागद घेऊन ते दुकानात गेले आणि पाऊण तासात ताज्या छापलेल्या बिलासह परत आले. बहुधा दुकानदारालाही शिक्का दिसला असावा.

सहा

फोनची वेळ. काम झालेल्यांना कंपनीचा मेसेज जातो: दहापैकी किती गुण द्याल? नऊ-दहा दिले तर आम्ही चांगले, सात-आठ म्हणजे ना इकडे ना तिकडे, सहा आणि खाली म्हणजे आम्ही वाईट. पुणेकराला हे कुणी समजावायचं? पुणेकर सात देतो तेव्हा तो अतिशय खूश असतो. दहा तो देवालाही देणार नाही, सुधारायला वाव ठेवेल.

सव्वासात

निळ्या नेकबँडचं उत्तर आलं. मंजूर. खाली टीप: निळा रंग बंद झाला आहे. सेंटरमध्ये शिल्लक: गुलाबी, एक नग. मी मुलाला फोन लावला.

"काळा नाही का, मॅडम?"

"मागवता येईल. कधी येईल ते सांगता येत नाही."

पलीकडे शांतता. अभ्यासिकेत सगळ्यांसमोर गुलाबी घालायचा की नाही, याचा हिशेब चालला असावा. "वॉरंटी परत वर्षाची मिळेल का?"

"नाही, मूळ बिलाचीच. चार महिने उरलेत."

"द्या गुलाबी."

"अकराच्या आत ये, मग गर्दी होते. आणि भावाला फोन हातात ठेवायला सांग. ओटीपी त्याच्या नंबरवर जाणार."

"तो त्या वेळी शेतात असतो. तिथे रेंज नसते."

"मग त्याला अकरा वाजता बांधावर, रेंज येते तिथे उभं राहायला सांग. ओटीपी दहा मिनिटंच चालतो."